प्रकल्प नोंदी: जोखीम नोंदवहीतला 'जबाबदार' रकाना

१ सप्टेंबर २०२५

आजपासून काम सुरू. कंपनीची सायबर जोखीम नोंदवही नव्याने लिहायची आणि वर्षअखेरीस व्यवस्थापनासमोर अशी ठेवायची, की ती वाचून त्यांना निर्णय घेता येतील.

जुनी नोंदवही सकाळी बसून पूर्ण वाचली. लांबलचक स्प्रेडशीट आहे. 'रॅन्समवेअर – उच्च' (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला), 'फिशिंग – उच्च' (बनावट मेलने फसवणं), 'कालबाह्य सॉफ्टवेअर – मध्यम', पुढे लाल-पिवळे-हिरवे चौकोन. शेवटचा रकाना 'जबाबदार', आणि त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच शब्द: आयटी.

माझ्या मते दुखण्याचं मूळ याच रकान्यात आहे. ऑर्डरची यंत्रणा दोन दिवस बंद राहिली तर चालेल का, हे आयटी कसं ठरवणार? ते विक्रीवाल्यांना आणि माल पाठवणाऱ्यांनाच माहीत. आयटी दार भक्कम करू शकतं, पण आत काय ठेवलंय आणि ते गेलं तर किती बिघडेल, हे ज्याचं काम त्यानेच सांगायला हवं. म्हणून नव्या नोंदवहीची पहिली अट अशी ठेवली आहे: प्रत्येक ओळीला मालक हवा आणि तो ज्याचं काम अडणार आहे त्या विभागातला हवा.

दुसरी अट, 'रॅन्समवेअर' ही एका शब्दाची ओळ चालणार नाही. काय घडेल, त्यामुळे कोणतं काम थांबेल, किती काळ थांबलेलं परवडेल, हे सलग वाक्यात लिहायचं.

३ सप्टेंबर

सांगाड्यासाठी निस्ट या अमेरिकेच्या मानक संस्थेची सायबर सुरक्षा चौकट घेतली, फेब्रुवारी २०२४ ची २.० आवृत्ती. आधीच्या पाच कामांना (ओळखणं, संरक्षण, शोध, प्रतिसाद, पुनर्स्थापना) तिने 'गव्हर्न' हे सहावं काम जोडलं, म्हणजे निर्णय कोण घेतं आणि उत्तरदायी कोण. आम्हाला नेमकं तेच हवंय. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ आवृत्तीतली ९३ नियंत्रणं पडताळणीसाठी बाजूला ठेवली आहेत. तिथून सुरुवात केली की माणसं खुणा करत बसतात आणि विचार मागे पडतो.

काल जग्वार लँड रोव्हरची बातमी आली. हल्ला लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःहून यंत्रणा बंद केल्या आणि उत्पादन अडलं. हे प्रकरण रोज बघायचं. कारखाना बंद ठेवण्याचा निर्णय किती महागात पडतो आणि पुरवठादारांपर्यंत त्याची झळ कशी पोचते, हे कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा यातून जास्त कळेल.

९ सप्टेंबर

विभागप्रमुखांच्या भेटी सुरू केल्या. 'तुमचे सायबर धोके कोणते' असं विचारलं की सगळे पासवर्ड आणि व्हायरसवर येतात. म्हणून प्रश्न बदलला: "उद्या सकाळी आलात आणि काहीच चालू होत नसेल, तर पहिलं काय अडेल? दुपारी काय अडेल? तिसऱ्या दिवशी काय?"

डिस्पॅचच्या प्रमुख ताबडतोब म्हणाल्या, "लेबल. लेबलाशिवाय एक खोका दाराबाहेर जात नाही." मी गोदामात जाऊन पाहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर एक जुना संगणक, त्याला जोडलेला लेबल प्रिंटर. त्यावर चालणारा छोटासा प्रोग्राम ऑर्डरच्या डेटाबेसमधून थेट पत्ते आणि कोड उचलतो. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर लॉगिनचं नाव आणि पासवर्ड. संगणकावर विंडोज १०. आमच्या मालमत्ता यादीत हा संगणक नाही, बॅकअपमध्ये नाही आणि प्रोग्रामची मूळ प्रत कोणाकडे आहे हे कोणाला ठाऊक नाही.

सर्व्हर खोलीतल्या महागड्या यंत्रांना डबल वीजपुरवठा आहे. कंपनीचा माल मात्र या एका टेबलावरून बाहेर पडतो. नव्या नोंदवहीतली पहिली ओळ ही.

१० सप्टेंबर

परवा एनपीएमवर (जावास्क्रिप्टचे तयार कोडसंच जिथून घेतले जातात ते भांडार) चॉक, डीबग आणि अशी आणखी काही पॅकेजेस बाधित झाली. देखभाल करणाऱ्याला एनपीएमच्या नावाने 'टू-फॅक्टर अपडेट करा' (टू-फॅक्टर म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) असा बनावट मेल आला, त्यातून खातं गेलं आणि हल्लेखोरांनी क्रिप्टो व्यवहार वळवणारा कोड घुसवला. ही पॅकेजेस आठवड्याला अब्जावधी वेळा डाउनलोड होतात. घातक आवृत्त्या काही तासांतच काढल्या गेल्या.

आमच्या प्रोग्रामर मंडळींनी लॉक फाइल (कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती वापरायची याची यादी) तपासली, त्या आवृत्त्या आलेल्या नाहीत. ठरलं ते असं: बिल्डमध्ये (प्रोग्राम तयार करताना) लॉक फाइलबाहेरचं काहीही येणार नाही आणि नवी आवृत्ती निघाल्यावर काही दिवस थांबूनच घ्यायची. अपवाद फक्त सुरक्षा पॅचचा.

१६ सप्टेंबर

दूरस्थ प्रवेशाची खाती. व्हीपीएनची (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याचा मार्ग) यादी मनुष्यबळ विभागाच्या यादीशी जुळवून पाहिली. नोकरी सोडून गेलेल्यांची काही खाती जिवंत, एका जुन्या देखभाल कंत्राटदाराचं एक खातं जिवंत, आणि 'टेस्ट' नावाचं एक, ज्याला टू-फॅक्टर लागूच नाही. सगळी आजच बंद केली. बंद केल्यावर कोणाचा फोन येतो का बघू. आला तर ते खातं वापरात होतं असं समजेल आणि त्याला मालक मिळेल.

हे किरकोळ वाटतं, पण मे २०२१ च्या हल्ल्यात अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीत डार्कसाइड टोळी शिरली ती अशाच एका वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्याला टू-फॅक्टर नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या अमेरिकेतल्या आरोग्य-देयकांच्या कंपनीत प्रवेश झाला तो सिट्रिक्सच्या दूरस्थ प्रवेशाच्या पोर्टलवरून, तिथेही तेच. बहुतेक खाती नीट बांधलेली होती या बोलण्याला अर्थ उरत नाही, कारण हल्लेखोर उरलेलंच शोधत असतो. म्हणून अहवालात 'टू-फॅक्टर ९० टक्के पूर्ण' असं लिहायचं नाही. उरलेल्या खात्यांची नावं लिहायची, प्रत्येकापुढे कारण आणि तारीख.

सर्व्हिस अकाउंटचं (माणूस नाही, प्रोग्राम वापरतात ती खाती) काम बाकी. ते मोठं आहे.

२२ सप्टेंबर

शनिवारी हीथ्रो, ब्रसेल्स आणि बर्लिनच्या विमानतळांवर चेक-इनची यंत्रणा कोलमडली. कर्मचारी हाताने बोर्डिंग पास लिहीत होते. हल्ला विमानतळांवर झालाच नव्हता, तो झाला कॉलिन्स एरोस्पेस या पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरवर.

आज पुरवठादारांची यादी घेऊन बसलो. आतापर्यंत आपण सगळ्यांना तीच लांब प्रश्नावली पाठवत होतो, ते 'होय, होय, होय' लिहून परत करत होते. एवढ्या कागदांतून काय हाती लागलं? यादी आता दोनच प्रश्नांवर चाळली. याचा आपल्या यंत्रणेत हात पोचतो का? हा बंद पडला तर आपलं काम थांबतं का?

दोन्हीचं उत्तर 'हो' असलेले अगदी थोडे निघाले. पगाराची सेवा, ऑर्डरच्या यंत्रणेची देखभाल करणारी कंपनी आणि आणखी एकदोन. त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलायचं, करारात कलमं घालायची: घटना घडली तर किती तासांत कळवणार, आमच्या यंत्रणेत येताना कोणाच्या नावाने येणार, करार संपल्यावर आमचा डेटा कसा परत देणार. पहिल्या प्रश्नाला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' असलेलेही मागे टाकायचे नाहीत. २०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकेतल्या दुकानसाखळीत चोर शिरले ते वातानुकूलन यंत्रणेच्या कंत्राटदाराच्या लॉगिनने. त्याचं काम थांबलं असतं तर दुकानं बंद पडली नसती, पण त्याच्या लॉगिनमधून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली.

२६ सप्टेंबर

काल अमेरिकेच्या सिसाने (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) सिस्कोच्या एएसए फायरवॉलबाबत आपत्कालीन आदेश काढला. सरकारी संस्थांना आजच्या मुदतीत तपासणी करायला लावली आहे. आमच्याकडे ती उपकरणं नाहीत. पण 'नाहीत' हे ठामपणे सांगायला आम्हाला अर्धा दिवस लागला, कारण मुख्य कार्यालयाची यादी एकाकडे, दूरच्या गोदामाची दुसऱ्याकडे आणि भाड्याच्या लाइनसोबत आलेल्या उपकरणांची कोणाकडेच नव्हती. हा अर्धा दिवस नोंदवून ठेवतो. पुढच्या वेळी यावरूनच मोजायचं.

पॅचच्या क्रमाबद्दल नेटवर्कवाल्यांशी लांब चर्चा झाली. ते आजवर सीव्हीएसएस गुणांप्रमाणे (दोष किती गंभीर याचे १० पैकी गुण) ९ च्या वरचं आधी, मग ७ च्या वरचं असं जात होते. गुण दोषाचं गांभीर्य सांगतात. तो दोष कोणी वापरतंय का, हे ते सांगत नाहीत. नवा क्रम असा लिहिला: सिसाच्या 'वापरात असलेल्या दोषां'च्या यादीत आहे आणि इंटरनेटला उघडं आहे, तर हातातलं काम सोडून तेच. यादीत आहे पण आतल्या नेटवर्कमध्ये आहे, तर त्याच आठवड्यात. यादीत नाही, पण ईपीएसएसमध्ये (दोष वापरला जाण्याच्या शक्यतेचा अंदाज) शक्यता वरची आहे, तर देखभालीच्या पुढच्या ठरलेल्या वेळेत. बाकीचं महिन्याच्या फेरीत.

वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरला. ज्या दोषातून तो पसरला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळजवळ दोन महिने हातात होते. त्यामुळे 'पॅच उपलब्ध' या नोंदीला मी काहीच किंमत देत नाही. 'पॅच लावला, रीस्टार्ट झाला, आवृत्ती तपासली' ही नोंद हवी.

३ ऑक्टोबर

आजचा पूर्ण दिवस लेखा विभागात. मला स्वतःला ही ओळ रॅन्समवेअरइतकीच महत्त्वाची वाटते, कारण इथे कोणतीही यंत्रणा फोडावी लागत नाही. एफबीआयच्या तक्रार केंद्राकडे २०२४ मध्ये आलेल्या तक्रारींत फक्त व्यावसायिक मेलच्या फसवणुकीतलं नुकसान २७७ कोटी डॉलरच्या घरात आहे.

लेखाप्रमुखांनी जपून ठेवलेले दोन मेल दाखवले. पहिल्यात पुरवठादाराच्या नावातलं 'एम' हे अक्षर 'आर' आणि 'एन' शेजारी ठेवून भासवलेलं. स्क्रीनवर डोळे बारीक करून पाहिलं तरी फरक चटकन दिसत नाही. मोठ्या अक्षरांत छापल्यावर दिसला. दुसरा मेल जास्त घातक होता. पत्ता खराखुरा, पुरवठादाराचाच. जुनी सगळी चर्चा खाली जोडलेली, चलनाचा क्रमांक बरोबर, भाषा नेहमीचीच. फक्त शेवटी एक ओळ: 'ऑडिटमुळे आमचं खातं बदललं आहे, या वेळची रक्कम खालील खात्यात जमा करावी.' म्हणजे पुरवठादाराचीच मेलपेटी दुसऱ्याच्या ताब्यात होती. अशा मेलला एसपीएफ, डीकेआयएम, डीएमार्क (मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला का, हे तपासणाऱ्या पद्धती) सगळं पास होतं. या तपासण्या तो अडवत नाहीत. अडवला तो लेखा विभागातल्या एका मुलीने. त्या पुरवठादाराशी ती दर महिन्याला बोलते, तिने सहज फोन करून विचारलं.

तिचं 'सहज' आता नियम झालं. तिच्या आणि लेखाप्रमुखांच्या मदतीने तिथेच लिहिला: खातं बदलण्याची कोणतीही सूचना आली की आपल्याकडच्या जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन करायचा, मेलमधल्या क्रमांकावर नाही. फोन करणारा आणि यंत्रणेत बदल करणारा वेगवेगळे. बदलानंतरचं पहिलं देयक दुसऱ्या सहीशिवाय जाणार नाही. आणि शेवटचं वाक्य लेखाप्रमुखांनी आग्रहाने घालायला लावलं: 'तातडी आहे' असं कोणीही सांगितलं, अगदी संचालकांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तरी हा क्रम मोडायचा नाही. त्यांचा आग्रह रास्त आहे. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ बैठकीत वरिष्ठ अधिकारी आणि सहकारी दिसले. ते सगळे डीपफेक होते आणि सुमारे अडीच कोटी डॉलर गेले. चेहरा आणि आवाज हा आता पुरावा राहिलेला नाही.

आमच्या स्वतःच्या डोमेनचं डीएमार्क अजून 'नन'वरच आहे, म्हणजे नुसतं पाहणं. अहवाल वाचून खरे पाठवणारे नोंदवायचे, मग 'क्वारंटाइन', मग 'रिजेक्ट'.

ओळीचा मालक: लेखाप्रमुख. सही झाली. नोंदवहीतली पहिली सही.

८ ऑक्टोबर

हेल्पडेस्क. सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम रिसॉर्ट्स या अमेरिकेतल्या हॉटेल-कॅसिनो कंपनीवरचा हल्ला हेल्पडेस्कला केलेल्या फोनपासून सुरू झाला. आमच्याकडे आजपर्यंत 'फोन हरवला, टू-फॅक्टर रीसेट करा' म्हटलं की कर्मचारी क्रमांक आणि जन्मतारीख विचारून रीसेट होत होतं. या दोन्ही गोष्टी बाहेर सहज मिळतात. आजपासून रीसेटची विनंती आली की हेल्पडेस्क फोन ठेवेल, मनुष्यबळाच्या नोंदीतल्या क्रमांकावर स्वतः फोन करेल आणि त्या माणसाच्या वरिष्ठाकडून दुजोरा घेईल. प्रशासकांची खाती फोनवर रीसेट होणारच नाहीत.

हेल्पडेस्कच्या मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली: समोरचा कितीही चिडला, नोकरी घालवीन म्हणाला, तरी क्रम पाळल्याबद्दल तुम्हाला कोणी बोलणार नाही. हे आश्वासन लेखी घेतलंय, वरिष्ठ व्यवस्थापनाच्या सहीने. त्याशिवाय नियम टिकत नाही.

टू-फॅक्टरबद्दलही. एसएमएसचा कोड नसण्यापेक्षा बरा, पण बनावट पान मधे उभं राहून कोड आणि सत्र दोन्ही उचलू शकतं. पासकी किंवा हार्डवेअर की खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असते, बनावट पानावर ती चालत नाही. प्रशासक, लेखा आणि संचालक यांना आधी देणार.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चा नियमित आधार आज संपला. बहुतेक संगणक बदलून झालेत. उरला लेबलचा. तो प्रोग्राम विंडोज ११ वर उघडतो, पण प्रिंटरशी बोलत नाही. पर्यायी प्रोग्राम यायला काही महिने लागतील.

डिस्पॅच प्रमुखांसोबत बसून ठरवलं. त्या संगणकाला वेगळ्या नेटवर्कमध्ये टाकलं. इंटरनेट नाही, मेल नाही, फक्त डेटाबेसचा एक मार्ग आणि प्रिंटर. डेटाबेसचं खातं फक्त वाचण्यापुरतं. पूर्ण डिस्कची प्रतिमा घेतली आणि दुसऱ्या संगणकावर उतरवून एक लेबल छापून पाहिलं. कागदावरचा पासवर्ड गेला. विस्तारित सुरक्षा अपडेट्सची मागणी नोंदवली. उरलेली जोखीम त्यांनी स्वीकारली, ३१ मार्च २०२६ पर्यंत.

मुदत लिहिलेली आहे, हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. मुदतीशिवाय स्वीकारलेली जोखीम म्हणजे विसरलेली जोखीम. जुन्या नोंदवहीत 'स्वीकारलं' असं बरंच लिहिलेलं होतं, कोणी आणि कधीपर्यंत ते कुठेच नव्हतं.

२१ ऑक्टोबर

काल ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या क्लाउड विभागात बिघाड झाला. डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदींचा (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदी) घोळ. जगभरातल्या असंख्य सेवा काही तास अडल्या, आमची पगाराची सेवाही त्यात.

सहकाऱ्यांनी विचारलं, हा हल्ला नव्हता, मग आपल्या नोंदवहीत का? मी म्हटलं, यायलाच हवा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तोही हल्ला नव्हता. पगार थांबला तर तो कोणामुळे थांबला याने कर्मचाऱ्याला फरक पडत नाही. ओळी आपण अडणाऱ्या कामावरून लिहिल्या आहेत, म्हणून ही घटना आपोआप त्यात बसते. मनुष्यबळ प्रमुखांनी मागच्या महिन्याच्या पगाराची फाइल बाहेर सुरक्षित ठेवायचं ठरवलं. वेळ आलीच तर तीच बँकेत द्यायची आणि फरक नंतर फेडायचा.

२५-२६ ऑक्टोबर

रिस्टोअर चाचणी. आज सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून सविस्तर.

बॅकअपचे अहवाल रोज हिरवे असतात. पण आजवर आपण सुट्या फायली परत आणल्या होत्या, पूर्ण यंत्रणा कधीच नाही. आज गृहीत धरलं की काहीच शिल्लक नाही. वेगळ्या नेटवर्कवर कोरी यंत्रं, आणि बॅकअपची एक प्रत. कागदावर लिहिलेलं उद्दिष्ट: ऑर्डरची यंत्रणा चार तासांत.

पहिली अडचण सुरुवातीलाच आली. बॅकअप उघडायची किल्ली पासवर्डच्या तिजोरीत. तिजोरीचा सर्व्हर त्याच बॅकअपच्या आत. तिजोरीत शिरायला डिरेक्टरी सर्व्हर (सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारा) लागतो, तोही आतच. कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीत. किल्लीची छापील प्रत एका जुन्या प्रशासकाने पाकिटात ठेवली होती म्हणून आज पुढे जाता आलं. ती प्रत ठेवायची असा नियम कुठेही नव्हता.

दुसरी गोष्ट क्रमाची. डेटाबेस लवकर आला, पण तो सुरू होईना, कारण त्याचं सर्व्हिस अकाउंट डिरेक्टरीत. डिरेक्टरी आली तर डीएनएस नाही. ते झालं तर परवान्याचा सर्व्हर नाही. प्रत्येक पायरीवर 'याआधी आणखी काहीतरी हवं' असं निघत गेलं. चार तासांचं उद्दिष्ट होतं, पहिली ऑर्डर पडद्यावर दिसली ती दुसऱ्या दिवशी उशिरा.

नॉटपेट्या या हल्ल्याच्या वेळी, जून २०१७ मध्ये, मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरी चालवणारे सर्व्हर) निकामी झाले होते. घानामधला एक तेवढा वाचला, कारण तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. त्या एका प्रतीवरून त्यांनी डिरेक्टरी परत उभी केली. दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवले. नशिबाने वाचलेल्या प्रतीवर आपली योजना उभी राहू शकत नाही, म्हणून डिरेक्टरीची ऑफलाइन प्रत दर आठवड्याला वेगळी काढायची.

तिसरी गोष्ट मला रात्रभर खुपली. बॅकअपचा प्रशासक त्याच डोमेनचा वापरकर्ता आहे. म्हणजे ज्याच्या हाती डोमेन गेलं, त्याच्या हाती बॅकअपही गेला. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाची कंपनी अशाच कारणाने संपली. हल्लेखोराला तिच्या क्लाउडच्या नियंत्रण कक्षात प्रवेश मिळाला आणि त्याने डेटा आणि बॅकअप दोन्ही तिथूनच पुसले. रॅन्समवेअर टोळ्या आता आधी बॅकअपच शोधतात. म्हणून: बॅकअपची खाती डोमेनबाहेर, त्यांना हार्डवेअर की, एक प्रत ठराविक काळ कोणालाही पुसता न येणारी. आणि रिस्टोअरचा क्रम छापील स्वरूपात, दोन ठिकाणी.

चार तासांचा आकडा नोंदवहीतून काढला. प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहिला. तो वाचून विक्रीप्रमुख अस्वस्थ झाले, आणि तेच हवं होतं. आता या कामासाठी पैसे मागताना मी एकटा नसेन.

४ नोव्हेंबर

मोजमाप. रंग काढून टाकले. प्रत्येक ओळीपुढे मालकाला विचारून दोन आकडे: एक दिवस काम थांबलं तर कमीत कमी किती जाईल, जास्तीत जास्त किती. मग किती वर्षांतून एकदा असं घडू शकेल याचा अंदाज. एका घटनेचं नुकसान गुणिले वर्षातली शक्यता हे जुनं सूत्र आहेच, पण दुर्मिळ आणि प्रचंड घटनेत ते फसवं ठरतं. शंभर वर्षांतून एकदा येणारं आणि कंपनी बुडवणारं नुकसान सरासरीत लहान दिसतं. म्हणून दुसरा प्रश्न वेगळा ठेवला: हे एकदा जरी घडलं तरी आपण उभे राहू का? ज्या ओळींचं उत्तर 'नाही' आहे, त्या गुणाकारात कितीही खाली असल्या तरी वर ठेवल्या.

जग्वार लँड रोव्हरचा आकडा आला आहे. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने देशाच्या अर्थव्यवस्थेवरचा परिणाम सुमारे १.९ अब्ज पौंड धरला, ५,००० हून अधिक संस्थांना झळ. उत्पादन टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला ८ ऑक्टोबर उजाडला. सगळ्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या कंपनीला इतका वेळ लागला?" आमच्या रिस्टोअर चाचणीनंतर मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

विम्याचा अर्ज वाचला. टू-फॅक्टर कुठे आहे, बॅकअप वेगळा आहे का, असे थेट प्रश्न आहेत. तिथे चुकीचं 'हो' लिहिलं तर दावा नाकारला जाऊ शकतो. वित्तप्रमुखांना सांगितलं की उत्तरं माझ्यासमोर भरायची.

१३ नोव्हेंबर

सराव. कल्पित प्रसंग: शुक्रवार संध्याकाळ, सर्व्हरवर खंडणीची चिठ्ठी, मेल बंद. विभागप्रमुख एका खोलीत.

नेटवर्क तोडायचं कोणी ठरवायचं, यावर वेळ गेला. आता लिहिलं: रात्रपाळीचा प्रशासक, कोणालाही न विचारता. नंतर त्याला जाब विचारला जाणार नाही. मेल बंद असताना एकमेकांना कसं गाठायचं? छापील यादी प्रत्येकाच्या घरी.

खंडणीवर चर्चा तापली. मी चेंज हेल्थकेअरचं उदाहरण ठेवलं: सुमारे २.२ कोटी डॉलर दिले, टोळीने आपल्याच साथीदाराला हिस्सा दिला नाही आणि तो डेटा घेऊन दुसऱ्या टोळीतर्फे परत धमकी आली. शिवाय २०२३ च्या मूव्हइट (फायली पाठवण्याचं सॉफ्टवेअर) प्रकरणात क्लॉप टोळीने काही एन्क्रिप्ट केलंच नाही, नुसता डेटा नेला. तिथे बॅकअप असून उपयोग नाही. त्यामुळे डेटा चोरीची ओळ रॅन्समवेअरपासून वेगळी केली.

कायदा विभागाने कळवण्याच्या मुदतींचा तक्ता मांडला आणि खोली शांत झाली. भारतातल्या सर्ट-इनला (सायबर घटनांची सरकारी यंत्रणा) सहा तास. युरोपातल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या कायद्याखाली ७२ तास, एनआयएस-२ या सायबर सुरक्षेच्या कायद्याखाली पहिली सूचना २४ तासांत. ग्राहक कुठले, त्यावर घड्याळं वेगवेगळी चालू होतात. पत्रांचे मसुदे आताच तयार ठेवायचे.

२० नोव्हेंबर

एआय सहाय्यक आणि जोडण्या. ऑगस्टमध्ये सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या चॅट साधनाचे टोकन (एका ॲपला दुसऱ्यात शिरू देणाऱ्या डिजिटल किल्ल्या) चोरून अनेक कंपन्यांच्या सेल्सफोर्समधला (ग्राहकांची माहिती ठेवणारी सेवा) डेटा नेला गेला. टोकन असलं की पासवर्ड लागत नाही, टू-फॅक्टर लागत नाही. आमच्याकडे मेल आणि फायलींना जोडलेली बाहेरची ॲप्स काढून पाहिली. कोणी, कधी, कशासाठी परवानगी दिली याचा पत्ता नाही, अशी पुष्कळ. वापरात नसलेली तोडली. यापुढे नवी जोडणी मंजुरीशिवाय नाही.

एआय सहाय्यकाला त्या कर्मचाऱ्याला दिसतं ते सगळं दिसतं. आलेल्या मेलमध्ये लपवलेली सूचना तो आज्ञा समजून पाळू शकतो. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधला 'इकोलीक' दोष नेमका हाच होता आणि त्यात कोणाला क्लिकही करावं लागत नव्हतं. म्हणून आधी सामायिक फोल्डरांच्या परवानग्या आवरायच्या, सहाय्यक नंतर.

४ डिसेंबर

काल रिॲक्टच्या (वेबसाइट बांधण्याचं साधन) सर्व्हर घटकांमधला दोष जाहीर झाला, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२५-५५१८२, सीव्हीएसएस गुण पूर्ण १०. डिसेंबर २०२१ मधल्या लॉगफोरशेल या दोषाची आठवण करून देणारा.

सकाळी प्रश्न आला: आपल्याकडे कुठे आहे? यादी उघडली. एका ग्राहक पोर्टलमध्ये. मालकाचं नाव समोरच होतं, विक्री विभागाने पोर्टल बंद ठेवायला लगेच होकार दिला, पॅच लावला, आवृत्ती तपासली, लॉग चाळले, पोर्टल पुन्हा सुरू. जेवणाच्या सुट्टीच्या आत. सप्टेंबरमध्ये नुसतं 'नाही' म्हणायला अर्धा दिवस गेला होता.

११ डिसेंबर

व्यवस्थापनाची बैठक. नोंदवही एका पानात मावली. प्रत्येक ओळ तिच्या मालकाने वाचली, मी नाही. लेखाप्रमुखांनी आपला नियम सांगितला, डिस्पॅच प्रमुखांनी लेबलचा संगणक आणि मार्चची मुदत, विक्रीप्रमुखांनी रिस्टोअरला लागलेला खरा वेळ. वेगळी बॅकअप यंत्रणा आणि प्रशासकांच्या हार्डवेअर की मंजूर. नव्या देखरेख साधनाची मागणी मीच मागे घेतली. आहेत त्या सूचना वाचायला माणूस नाही, तोवर आणखी सूचना नकोत.

डेटा चोरीच्या ओळीवर सही झालेली नाही. विक्री म्हणते ग्राहकांची माहिती कायदा विभागाने सांभाळावी, कायदा विभाग म्हणतो गोळा कोण करतं ते बघा. संचालकांनी तिथे 'आयटी' लिहा असं सुचवलं. मी नाही लिहिलं. रकाना कोरा ठेवून पान तसंच मंजूर करून घेतलं. ९ जानेवारीला दोन्ही विभागांची बैठक, किती जुनी माहिती मुळात ठेवायचीच कशाला, या प्रश्नापासून.

बाकी: सर्व्हिस अकाउंट अर्धी झाली. डीएमार्क 'क्वारंटाइन'वर. पुढची रिस्टोअर चाचणी फेब्रुवारीत. या वेळी लेखा विभागातले दोघं हजर राहतील, आणि परत आलेला डेटा बरोबर आहे की नाही हे तेच सांगतील.